घर, चाकं आणि जमीन

परवा रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. ती आणि जावईबापू नॉर्थ कॅरोलायनात असतात. गावाबाहेर त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक एकर जमीन घेऊन ठेवली आहे. आता त्यावर घर. जागेवर बांधून घ्यायचं तर खिशाला झेपत नाही, म्हणून दोन ठिकाणची कोटेशनं आणली होती.

"मामा, एक मॉड्युलर आहे, एक मॅन्युफॅक्चर्ड. दोन्ही कारखान्यातच बनतात, दिसायलाही सारखीच. मग दुसरं एवढं स्वस्त का? आणि ह्यांची नोकरी हलली, पाच-सहा वर्षांनी विकावं लागलं तर कुठल्याचे पैसे परत येतील?"

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला मी शंभर वर्षं मागे गेलो. सवयच आहे, काय करणार! फोनवर तिने अर्धंच ऐकलं (मागे पोरगं रडत होतं), म्हणून उरलेलं इथे लिहून काढतोय. शिवाय ह्या घरात आक्काचेही पैसे जाणार आहेत. वाईच्या घरातला तिचा हिस्सा विकून आले ते. त्यामुळे नातेवाईक मंडळींनीही वाचावं असं आहे.

कारखान्यात घर ही कल्पना आपल्याला परकी वाटते. पण मुंबईत काळा घोड्याजवळचं जुनं वॉटसन हॉटेल, म्हणजे आताची एस्प्लनेड मॅन्शन, आठवा. १८६० च्या दशकात त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून, सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडला होता. तेव्हा गोष्ट जुनीच आहे.

अमेरिकेत ह्या गोष्टीच्या दोन शाखा झाल्या, आणि भाचीच्या हातातली दोन कोटेशनं म्हणजे त्या दोन शाखांची टोकं.

पहिली शाखा रेल्वेने आली. सीअर्स कंपनीने १९०८ पासून १९४० पर्यंत कॅटलॉगमधून घरं विकली. हो, साड्या-भांडी मागवावीत तशी घरं! मापात कापलेलं, नंबर घातलेलं लाकूड, दारं, खिडक्या, खिळे, रंग, सगळं मालगाडीच्या डब्यातून स्टेशनवर यायचं. माणसं ते बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये घालून आपल्या जागेवर न्यायची आणि पुस्तिका बघून जोडायची. सत्तर हजारांच्या आसपास घरं विकली गेली असावीत असा अंदाज सांगतात. इलिनॉयमधल्या कार्लिनव्हिल गावात तर तेल कंपनीने आपल्या खाण कामगारांसाठी अशी दीडशेहून जास्त घरं एकदम उभी केली.

पुढे ह्या घरांचं काय झालं? काहीच नाही, आणि तेच महत्त्वाचं. ती साधी घरं होऊन गेली. मालकाच्या जमिनीवर, पक्क्या पायावर उभी होती, त्यामुळे तिसऱ्या मालकाला ती कॅटलॉगमधली आहेत हे ठाऊकही नसायचं. आता लोक तळघरात टॉर्च घेऊन तुळयांवरचे नंबर शोधतात आणि सापडले की विकताना जाहिरातीत मिरवतात.

दुसरी शाखा मात्र रस्त्याने आली, चाकांवर. १९२० आणि ३० च्या दशकात सुट्टीत फिरायला जायचे ट्रेलर निघाले. मंदीत काही लोक त्यातच राहू लागले. मग दुसरं महायुद्ध आलं. कारखान्यांकडे कामगारांची रीघ लागली, राहायला जागा नाही, तेव्हा सरकारनेच हजारो ट्रेलर विकत घेतले. युद्ध संपलं तरी घरांची टंचाई संपली नाही, आणि लोक ट्रेलरमध्येच राहिले.

रस्त्याच्या नियमामुळे ट्रेलर आठ फूट रुंद असायचा. आठ फुटांत बिऱ्हाड! आपली चाळीतली खोली महाल वाटावी. १९५४ साली विस्कॉन्सिनमधल्या एल्मर फ्रे ह्या कारखानदाराने दहा फुटी ट्रेलर बाजारात आणला. रुंदी दोनच फूट वाढली, पण एका बाजूने जायला-यायला वाट राहिली आणि खोल्यांना खोलीपण आलं. असा ट्रेलर मात्र गाडीमागे लावून सहलीला नेता येत नव्हता. एकदा आणून ठेवला की तो बहुधा तिथेच राहायचा. 'मोबाइल होम' हे नाव तेव्हापासून रूढ झालं. म्हणजे घर हलेनासं झालं तेव्हा त्याला 'हलतं घर' म्हणू लागले!

गंमत बाजूला ठेवली तर भाचीच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. घर हलायचं थांबलं, पण कागद चाकांवरच राहिले. मोटारीची असते तशी त्याची मालकी-पावती, मोटारीसारखीच नोंदणी, मोटारीसारखंच कर्ज. आणि मोटारीसारखीच किंमत, दरवर्षी उतरत जाणारी.

मध्येच एक छोटी गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या ओहायोतली आहे. युद्धानंतर कोलंबसमध्ये, जिथे लढाऊ विमानं बनायची त्या कारखान्यात, कार्ल स्ट्रॅंडलंड ह्या गृहस्थाने पोलादी घरं बनवायला घेतली. नाव लस्ट्रॉन. भिंती, छप्पर, कपाटं, सगळं चिनी मातीच्या बशीसारखा मुलामा दिलेल्या पत्र्याचं. काही वर्षांपूर्वी इथल्या संग्रहालयात उभं केलेलं एक घर पाहिलं. भिंतीवर खिळा ठोकता येत नाही, फोटो चुंबकाने लावायचे! सरकारने पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास कर्ज दिलं, घरं झाली फक्त अडीच हजारांच्या घरात, आणि १९५० मध्ये कंपनी बुडाली. घर उत्तम असून भागत नाही. त्या घराला गावोगावचे नियम आणि कर्ज देणारा सावकार ह्या दोघांनीही घर म्हणायला हवं.

ट्रेलरवाल्यांना सावकार मिळाला, पण गाडीचा. धंदा अफाट वाढला. १९७३ साली देशात साडेपाच लाखांहून जास्त मोबाइल होम्स कारखान्यांतून बाहेर पडली. त्यात बरीच कच्ची होती. आग लागली तर बाहेर पडता येऊ नये, वादळात छप्पर राहू नये अशी. ओरड झाली. १९७४ मध्ये कायदा झाला आणि १५ जून १९७६ पासून केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे 'हड'चा, सबंध देशासाठी एक नियमसंच लागू झाला. वायरिंग, नळ, आगीपासून सुटका, छपराची ताकद, सगळ्याचे नियम. प्रत्येक भागावर बाहेरून धातूची लाल पट्टी. १९८० मध्ये कायद्यातलं नावही बदलून 'मॅन्युफॅक्चर्ड होम' केलं.

ह्या कायद्याने घर सुधारलं, पण व्याख्येत एक गोष्ट लिहून ठेवली: घराखाली कायमची चासी, म्हणजे पोलादी सांगाडा. चाकं काढली तरी चाकांची जागा राहिली.

मॉड्युलर घर ह्या कायद्याच्या वाटेने गेलंच नाही. ते सीअर्सच्या वाटेने गेलं. कारखान्यात खोल्यांचे खोके बनतात, ट्रकवरून येतात, क्रेनने उचलून पक्क्या पायावर ठेवतात. आणि नियम 'हड'चे नाहीत, जिथे घर बसणार त्या राज्याचे आणि गावाचे, शेजारच्या विटांच्या घराला जे लागू तेच. म्हणून बँक त्याला साधं गृहकर्ज देते आणि किंमत ठरवणारा माणूस त्याची तुलना जागेवर बांधलेल्या घरांशी करतो. मॅन्युफॅक्चर्डची तुलना होते मॅन्युफॅक्चर्डशी. भाची, तुझ्या रीसेलचं अर्धं उत्तर ह्या दोन वाक्यांत आहे.

उरलेलं अर्धं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

नव्वदच्या दशकात मी इथे शिकायला आलो तेव्हा दोन सेमिस्टर एका ट्रेलर पार्कमध्ये भाड्याने राहिलो होतो. शेजारी एक आजीबाई होत्या. नवरा गेलेला, मुलं लांब. थंडीत माझ्या दारात सूप आणून ठेवायच्या. घर त्यांचं स्वतःचं, कर्ज पूर्ण फेडलेलं, त्याचा त्यांना फार अभिमान. पण खालची जमीन पार्कवाल्याची, तिचं दरमहा भाडं. एक दिवस पार्कवाल्याने जमीन दुकानांसाठी विकली आणि सगळ्यांना घरं हलवायची नोटीस आली. 'हलतं घर' हलवायचं म्हणजे हजारो डॉलर, आणि इतकं जुनं घर दुसरा पार्क घेईना. विकत कोण घेणार? शेवटी भंगारवाला ते घेऊन गेला. त्यांची भांडी, पडदे आणि एक शिवणयंत्र गाडीत चढवायला मी होतो. त्या एवढंच म्हणाल्या की मी तर सगळे हप्ते वेळेवर भरले होते.

त्याच वर्षांत तिकडे बाजारातही गडबड चालली होती. त्याआधी १९९२ च्या ऑगस्टमध्ये ॲंड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडातल्या होमस्टेडजवळची मोबाइल होम्स जवळजवळ सगळी जमीनदोस्त केली. त्यानंतर १९९४ मध्ये 'हड'ने वाऱ्याचे नियम कडक केले. घरं अधिक मजबूत झाली, कर्जं मात्र अधिक कच्ची होत गेली. ज्याला-त्याला कर्ज दिलं, १९९८ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास घरं निघाली, मग हप्ते थकले आणि जप्त केलेल्या घरांचा बाजारात ढीग लागला. जुनी घरं कवडीमोल. त्या कर्जांच्या धंद्यात शिरलेल्या कॉन्सेको कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. २००९ मध्ये कारखान्यांतून निघालेली घरं जेमतेम पन्नास हजार होती. मॅन्युफॅक्चर्ड घराची किंमत उतरतेच हे लोकांच्या मनात बसलं ते ह्या सगळ्यामुळे.

पण ते पूर्ण खरं नाही. २०१८ मध्ये सरकारच्या गृहकर्जांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने ह्या घरांचा वेगळा किंमत निर्देशांक काढला. जी घरं जमिनीसकट, नेहमीच्या गृहकर्जावर घेतली होती, त्यांच्या किमती इतर घरांच्या जवळपासच वाढल्या होत्या. म्हणजे पत्र्या-लाकडापेक्षा खालच्या मातीवर जास्त अवलंबून आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथ गावच्या रहिवाशांनी हे १९८४ मध्येच ओळखलं होतं. पार्क विकायला निघाला तेव्हा त्यांनी सहकारी संस्था करून, कर्ज काढून तो स्वतःच विकत घेतला. आमच्या आजीबाईंना असं कुणी सांगणारं भेटलं नाही.

आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा! वाईचं घर आजोबांनी सागवान घालून बांधलं होतं. विकताना घेणाऱ्याने घराची किंमत शून्य धरली. गुंठ्याचा भाव केला. तुळया, खांब आणि दारं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने वेगळी उचलली. आक्काला मिळाले ते पैसे जमिनीचे, घराचे नव्हेत.

तर भाचीबाईंना माझं सांगणं असं. जमीन तुमची आहे, ही निम्मी लढाई जिंकलेली आहे. पाच-सहा वर्षांत विकायची शक्यता असेल तर मॉड्युलर घ्या, हवं तर एक खोली कमी करा. घेताना विचारा की पोलादी फ्रेम घराखालीच राहणार की परत जाणार, कारण काही मॉड्युलर घरंही फ्रेमवरच बसवतात आणि मग विकताना प्रश्न येतात. मॅन्युफॅक्चर्डच परवडत असेल तर लाज नाही, पण पक्का पाया घाला, गाडीची मालकी-पावती रद्द करून घर जमिनीच्या कागदावर चढवून घ्या, लाल पट्टी आणि आतला माहितीचा तक्ता उखडू देऊ नका, आणि त्या भागात अशी घरं चालतात का ते नगरपालिकेत आधी पाहा. आणि स्वस्त घर महागड्या कर्जावर घेऊ नका. गाडीसारख्या कर्जाचं व्याज सगळी बचत खाऊन टाकतं.

काल पुन्हा फोन आला. मॉड्युलर ठरलंय, तीनऐवजी दोन बेडरूमचं. मला बरं वाटलं, आक्कालाही. फक्त तिला एक शंका होती:

"अरे, पण घर कारखान्यातून तयार होऊन येणार, मग भूमिपूजन कुठे करायचं? कारखान्यात?"

भाची मागून ओरडली, "आई, भूमी इथेच आहे!"

अगदी बरोबर बोलली. कुणाला अशा घराचा अनुभव असेल, विशेषतः विकतानाचा, तर जरूर कळवा. पाया अजून खणायचा आहे.