रिंगणीच्या धुरीची कुळकथा

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील झरीच्या शिवारात, आणि खरे पाहता गोदावरीच्या खोऱ्यातील त्या साऱ्या काळ्या मातीच्या मुलखात, बांधाच्या कडेला आणि पडीक जमिनीवर जी काटेरी भुईरिंगणी पसरलेली दिसते, तिचा आणि मनुष्याच्या दाढेच्या ठणक्याचा संबंध इतका प्राचीन आहे की, त्याची कैफियत मांडल्यावाचून दंतवैद्यकाचा इतिहास पुरा होत नाही.

खेड्यापाड्यांतून रूढ असलेला इलाज असा. रिंगणीचे वाळलेले बी तेलात किंवा तुपात माखून निखाऱ्यावर टाकावयाचे, त्यावर भोक पाडलेले भांडे उपडे घालावयाचे आणि त्या भोकातून येणारा धूर पोकळ नळीने किडलेल्या दाढेपर्यंत पोहोचवावयाचा. रोग्याने तोंड उघडे ठेवून लाळ पाण्याच्या भांड्यात गळू द्यावयाची. थोड्याच वेळात त्या पाण्यावर पांढुरके, बाकदार, सुताएवढे बारीक किडे तरंगू लागतात, आणि भोवती जमलेली मंडळी ‘कीड पडली’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. हे किडे नव्हेत. रिंगणीच्या चपट्या बीजात त्याचा अंकुर वेटोळे घालून बसलेला असतो आणि बी निखाऱ्यावर तडकले की तो उसळून बाहेर पडतो. धुरी देणाऱ्यास लबाडी करण्याची गरजच नसते, कारण त्याचा स्वतःचाही त्या किड्यांवर विश्वास बसलेला असतो.

ही रीत एकट्या मराठवाड्याची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्याने दातदुखीवर खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी सांगितली आहे, आणि तो ओवा व आपली रिंगणी या दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, दोघींच्या बीजांतील अंकुर सारखेच वळलेले, हे लक्षात घेतले म्हणजे दूरदूरच्या दोन मुलखांत एकच किडा एकाच रीतीने कसा ‘पडला’ याचा उलगडा होतो. त्याहूनही मागे गेले तर बाबिलोनच्या मातीच्या पाटीवर एक मंत्र आढळतो, ज्यात किडा देवापाशी दात आणि हिरडी यांमध्येच आपल्याला घर मिळावे अशी याचना करतो.

आपल्याकडे सुश्रुताने या व्याधीस कृमिदंतक हे नाव दिले. परंतु नावात कृमी असला तरी त्याचे लक्षणवर्णन वाचताना मन थक्क होते. दात काळा पडलेला, छिद्र पडलेला, हलणारा, स्रवणारा, आणि कारणावाचून तीव्र वेदना देणारा, असे तो सांगतो. आणि गार, ऊन व स्पर्श ज्यात सोसवत नाही त्या दंतहर्षाची गणना तो निराळी करतो. आजचा दंतवैद्य रोग्याला जो पहिला प्रश्न विचारतो, तो याच भेदावर उभा आहे: गार पाण्याने सणक येऊन लगेच थांबते, की काही कारण नसताना, विशेषतः रात्री आडवे झाल्यावर, ठणका सुरू होतो? पहिल्या अवस्थेत दाताची नस वाचू शकते, दुसरीत बहुधा नाही. वाग्भटाने तर पोकळ दात गुळाने किंवा मेणाने भरून डागावा असे सांगितले आहे. पोकळी निर्जंतुक करून बंद करावी, या विचाराच्या किती जवळ तो येऊन पोहोचला होता!

किड्याची फिर्याद निकालात निघाली ती पॅरिसमध्ये. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दंतवैद्य प्येर फोशार याने, सूक्ष्मदर्शकातून शोधूनही किडक्या दातांत आपल्याला किडे आढळले नाहीत, असे स्पष्ट नमूद केले. मग ठणका कशाचा? दाताच्या गर्भात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा एक मऊ गर असतो, त्यालाच आपण बोलण्यात नस म्हणतो. शरीरात अन्यत्र सूज आली तर तिला पसरावयास जागा मिळते. हा गर मात्र चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला, आणि मुळाच्या टोकाशी एक बारीक वाट, म्हणून सूज आतल्या आतच दाबते. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो, सबब रात्र वैऱ्याची ठरते. शिवाय दोन्ही जबड्यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जात असल्याने, खालची दाढ किडलेली असताना रोगी वरच्या दाढेवर बोट ठेवतो.

धुरीला यश येत असे, आणि अजूनही येते, त्याचे कारण येथेच आहे. कोंडलेला गर काही दिवसांनी मरतो; नस मेली की ठणका थांबतो, आणि त्याचे श्रेय ज्याने शेवटचा इलाज केला त्याच्या पदरी पडते. पुढे काही महिन्यांनी गालफड सुजते, हिरडीवर पुळी येते, तेव्हा त्या जुन्या दुखण्याची कोणाला आठवणही राहिलेली नसते. या भ्रमाची किंमत आमच्या आयाबहिणींनी फार मोजली आहे; दाढ दुखली म्हणून लावलेली मशेरी दाढ पडून गेल्यावरही सुटत नाही आणि कित्येकींच्या बाबतीत तोंडाच्या कर्करोगापर्यंत नेऊन सोडते. बिब्ब्याचे तेल तर हिरडी भाजून काढते. लवंग तेवढी सच्ची निघाली: तिच्या तेलातील युजेनॉल नसेला खरोखर बधिर करते, आणि जस्ताच्या ऑक्साइडच्या भुकटीत कालवलेले तेच द्रव्य दंतवैद्य तात्पुरत्या भरणात आजही वापरतात.

१८८४ साली कोकेनचा बधिर करण्याचा गुण सिद्ध झाला आणि लगोलग अमेरिकेत शल्यवैद्य हॉल्स्टेड यांनी ते जबड्याच्या नसेपाशी टोचून पाहिले. स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ लोफग्रेन यांनी १९४३ साली सिद्ध केलेले, त्याहून निर्धोक असे लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध १९४८ साली बाजारात आले. त्याच साली दिल्लीत दंतवैद्यकाचा कायदा झाला, आणि त्याच सालच्या सप्टेंबरात परभणी जिल्ह्यावरील निजामाचा अंमल संपला. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून असले तरी झरीच्या शेतकऱ्याला ते परमुलखासारखेच होते. आज परभणी शहरातच दंत महाविद्यालय आहे. भूल देऊन मेलेला गर काढणे, मुळांच्या नळ्या धुऊन भरणे आणि वर कॅप बसविणे, म्हणजे रूट कॅनाल, ही तेथे नित्याची गोष्ट आहे.

मार लागलेल्या दाताची गोष्ट मात्र अजून गावोगाव पोहोचली नाही, याची मला फार खंत वाटते. हापशाचा दांडा उसळून हनुवटीवर बसतो, कबड्डीत कोपर लागते, समोरचा दात हलतो, दोन दिवसांत दुखणे थांबते आणि प्रकरण मिटले असे घरचे समजतात. पण वेदना थांबणे हे येथेही नस मेल्याचे चिन्ह असू शकते, आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तो दात करडा पडू लागतो. दाताचा तुकडा उडून मध्ये लाल ठिपका दिसला तर गर उघडा पडला असे समजावे आणि त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा. आणि समूळ निखळलेला कायमचा दात तर पुन्हा जागेवर बसविता येतो! तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये; मुळावरील नाजूक पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात मरतात. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन खळगीत बसवावा, ते न जमल्यास दुधात ठेवून तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचवावा. तो शेजारच्या दातांशी तारेने सुमारे दोन आठवडे बांधतात. घरोघरी म्हशीचे दूध असते, परंतु पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून माळवदावर फेकण्याची किंवा उंदराच्या बिळात टाकण्याची चाल इतकी हाडीमासी खिळलेली आहे की, बारा वर्षांच्या मुलाचा चांगला दातही त्याच वाटेने जातो. दुधाच्या दाताच्या बाबतीत ही चाल खुशाल पाळावी. तो परत बसवीत नसतातच, कारण तसे केल्यास खाली वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होण्याची भीती असते.