सांडपाण्यातील हायड्रोजन

नगराचा मैला ही दूर लोटावयाची वस्तू, अशीच मनुष्याची समजूत. तथापि तिच्या पोटी जळाऊ वायू दडलेला असतो, हे ज्ञान काही नवे नव्हे. १८९५ साली इंग्लंडातील एक्झेटर नगरीत डोनाल्ड कॅमेरॉन यांनी मैल्यासाठी बंद टाकी बांधली आणि तिच्यातील वायूवर दिवे पेटविले. पुढे १८९७ च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामातही तसेच घडले. समाजाने ज्यांना दूर लोटले होते, त्यांच्या निवासात टाकाऊ मैल्यानेच उजेड दिला.

हा वायू मुख्यतः मिथेन होय. हायड्रोजन त्याहून निर्मळ. तो जळला की केवळ पाणी उरते. मग मैल्याच्या टाकीतून हायड्रोजन का निघत नाही? याचे उत्तर १९६७ साली मिळाले. मद्यार्कापासून मिथेन बनविणारा एक जंतू तोवर शास्त्रज्ञांना परिचित होता. अमेरिकेतील मार्विन ब्रायंट व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, तो एक नसून दोन आहेत. पहिला मद्यार्क फोडून हायड्रोजन सोडतो आणि दुसरा तो तत्काळ गिळून मिथेन करतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचे काम खुंटते. म्हणून दोघांचा संसार एकत्रच चालतो. हायड्रोजन निर्माण होतो, पण बाहेर येण्यापूर्वीच त्याचा घास होतो.

दुसरी अडचण अशी की, केवळ आंबविण्याने साखरेच्या एका रेणूपासून हायड्रोजनचे फार तर चार रेणू मिळतात. हिशेबाने बारा मिळावयास हवेत. बाकीची शक्ती बहुतांशी शिरक्यातील आम्लासारख्या पदार्थांत अडकून राहते. २००५ साली अमेरिकेत ब्रूस लोगन व त्यांचे सहकारी यांनी विजेच्या अग्रावर जंतू वाढविले आणि बाहेरून अल्प दाब देऊन त्या आम्लातूनही हायड्रोजन मिळविला. शुद्ध पाणी फोडावयास निदान १.२३ व्होल्ट लागतात. येथे पाव व्होल्टच्या आसपास काम भागले.

प्रयोगशाळेबाहेर मात्र जुना भागीदार पुन्हा हजर झाला. २००९ साली कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात द्राक्षमद्याच्या कारखान्यातील सांडपाण्यावर हजार लिटरचे यंत्र चालविले, तेव्हा निघालेल्या वायूत सुमारे ८६ टक्के मिथेनच होता. पुढे इंग्लंडात न्यूकॅसल येथील संशोधकांनी १२० लिटरच्या यंत्रात घरगुती सांडपाण्यापासून जवळजवळ शुद्ध हायड्रोजन काढला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार, खर्चिलेल्या विजेपैकी सुमारे ७० टक्के शक्ती त्या वायूच्या रूपाने परत आली.

म्हणजे त्या प्रयोगात व्यवहार तोट्याचाच ठरला. परंतु सांडपाणी स्वच्छ करावयास नगरांना वीज खर्चावी लागतेच, तेथे हा परतावा तुच्छ मानता येणार नाही. माटुंग्याच्या दिव्याने मैल्यातील शक्ती दाखविली. ती निर्मळ रूपात हाती यावयाची तर करणारा आणि खाणारा यांची फारकत साधली पाहिजे. आणि निसर्गाने जुळविलेली जोडी सहजासहजी तुटत नसते.