गाळात राहिलेले कर्ज

महापूर ओसरला की नदी माघारी जाते. गाळ मात्र आपल्या दारात राहतो. सांगलीकरांना हे कोणी सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा घराघरांतून पाट्या भरभरून गाळ उपसावा लागला. तो उपसताना आपल्या मनात घाईच असते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने या गाळाकडे एक दप्तर म्हणून पाहावयास हवे. काठावरच्या माणसांनी पाण्यात जे जे सोडले, त्याची नोंद त्यात थरावर थर साचलेली असते.

आपल्या खोऱ्यातील धातुकामाचा इतिहास अभिमानाने सांगावा असा आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तेथे घडू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, ही हकीगत आपल्याकडे आवर्जून सांगितली जाते. शस्त्रे मोडून शेतीची अवजारे घडविण्याचे स्वप्न पाहणारा यशया संदेष्टा ती ऐकून संतोषला असता. पुढे कोल्हापूर आणि शिरोलीच्या ओतशाळा नावारूपाला आल्या. विश्रामबागेच्या शेजारी मिरज व कुपवाड येथील औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या उद्योगांनी शेतकऱ्याला नांगर आणि पंप दिले व हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

परंतु धातुकाम जगात कोठेही चालो, त्याच्यामागे काहीतरी उरतेच. ओतकामातून जळकी वाळू आणि मळी उरते, घासकामातून धातूची भुकटी उरते, तर जस्ताचा वा क्रोमियमचा मुलामा देताना धातुमिश्रित आम्ल उरते. महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली झाला आणि १९७० मध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झाले. तोवर कारखान्याचे पाणी जवळच्या ओढ्यात सोडणे ही जवळजवळ जगभरची रीत होती. वाहत्या पाण्यात सोडलेले वाहून जाते, अशी सर्वांची समजूत होती.

शास्त्र मात्र वेगळे सांगते. शिसे, तांबे, जस्त, क्रोमियम हे धातू कुजून नाहीसे होत नाहीत. ते बारीक चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि जेथे प्रवाह मंदावतो तेथे, म्हणजे बंधाऱ्यामागे, वळणावर किंवा संगमापाशी, तळाला बसतात. वरचे पाणी नितळ दिसते. पुढे पुराने तळ ढवळला किंवा पाण्याचा गुणधर्म बदलला की त्यांतील काही अंश पुन्हा मोकळा होतो. येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. आपली भूमी काळ्या अग्निजन्य खडकाची आहे. लोह, तांबे, क्रोमियम, निकेल तिच्यात निसर्गतःच आहेत. म्हणून वरच्या गाळातला केवळ एक आकडा पाहून कोणावर आरोप करणे न्यायाचे नव्हे. खोलवरचा, कारखान्यांपूर्वीचा थर काढून त्याच्याशी वरच्या थराची तुलना करावी लागते.

अशा गाळाकडे डोळेझाक केल्यास काय घडते, हे जपानच्या इतिहासात दिसते. तेथील आशिओची तांब्याची खाण १८७७ मध्ये फुरुकावा या उद्योगपतीच्या हाती आली आणि उत्पादन झपाट्याने वाढले. खाणीचा विषारी गाळ वाताराशे नदीत उतरला. मासे मेले आणि १८९० च्या महापुराने तो गाळ भातशेतीवर पसरविला. तानाका शोझो या लोकप्रतिनिधीने १८९१ मध्ये हा प्रश्न संसदेत मांडला. दहा वर्षे दाद लागली नाही, तेव्हा १९०१ साली त्याने सम्राटाची गाडी रस्त्यात गाठून अर्ज देण्याचा प्रयत्न केला. १९१३ मध्ये तो निवर्तला. त्याच्या झोळीत निघाले ते असे: नवा करार, रोजनिशा, संत मत्तयचे शुभवर्तमान व जपानची राज्यघटना यांची एकत्र बांधलेली वही, आणि तीन खडे. खाण १९७३ मध्ये बंद झाली. तरीही २०११ च्या भूकंपात तेथील टाकाऊ गाळाचा जुना ढीग ढासळला आणि नदीच्या पाण्यात मर्यादेहून अधिक शिसे आढळले. खाण बंद होऊन तेव्हा ३८ वर्षे उलटली होती.

आता या गाळाचे उत्तरदायित्व कोणाचे? ज्यांनी पाणी सोडले त्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. कित्येकांनी त्या काळच्या कोणत्याही कायद्याचा भंग केलेला नव्हता. ख्रिस्तसभेची सातव्या आज्ञेविषयीची शिकवण येथे उपयोगी पडते. पापाची क्षमा मिळाली तरी नुकसानीची भरपाई करण्याचे कर्तव्य उरतेच. जक्कयाने प्रभूला घरी घेतले आणि त्याच वेळी चौपट परतफेडीचा शब्द दिला. शिवाय वाडवडिलांची जमीन घेणारा वारस तिच्यावरचे कर्ज नाकारू शकत नाही, हा आपल्याकडचा जुना व्यवहार आहे. नांगर, पंप, ऊस आणि पगार या वारशावर आपण वाढलो. त्याच वारशाचे कर्ज नदीच्या तळाशी पडून आहे.

२०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जुने प्रदूषण शोधून त्याचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून घ्यावा, असा त्यांचा रोख आहे. पण कोणी मागणी केल्याखेरीज नियम हलत नाही. सांगलीचा बंधारा, शेरी नाल्याचे मुख, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम आणि खाली नृसिंहवाडीचा पंचगंगा-संगम या ठिकाणांचा गाळ थराथराने तपासून निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत, एवढी मागणी आपण सर्वधर्मीय नागरिकांनी मिळून करू शकतो. दोष निघाला नाही तर काठावरचा शेतकरी निर्धास्त होईल. निघाला, तर कर्जाची रक्कम तरी कळेल. फेडीचा आरंभ तेथूनच होतो.