गोफण, माळा आणि बुजगावणे : पाखरांपासून पीक राखण्याचा इतिहास

१/ यवतमाळ म्हटले की कापूस आठवतो. ज्वारीच्या काळात मात्र वऱ्हाडातल्या शेतांत उंच माळा आणि त्यावर गोफण घेतलेला राखणदार हे ओळखीचे दृश्य होते. तो माळा का ओस पडला, हे समजण्यासाठी पाखरांबरोबर पिकांचाही इतिहास पाहावा लागतो.

२/ राखणीची परंपरा फार जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त साळीचे शेत राखणाऱ्या तरुणी भेटतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त भात राखणाऱ्या स्त्रिया उसाच्या सावलीत बसून रघूचे यश गातात. तमिळ संघम काव्यात डोंगरउतारावरच्या शेतातून पोपट हाकलणाऱ्या मुली आहेत. हे काम बहुधा स्त्रिया, मुले आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याला येई.

३/ तुकोबांच्या चरित्रकथांत एक प्रसंग सांगतात. त्यांना शेत राखायला बसवले, आणि त्यांनी पाखरांना पोटभर दाणे खाऊ दिले. पुढचा चमत्कार श्रद्धेचा विषय. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, राखण ही कबूल केलेली जबाबदारी होती आणि नुकसानीचा वाद पंचांपुढे जाऊ शकत होता.

४/ साधने साधी, पण विचारपूर्वक घडवलेली. दाणा चिकात आला की पाखरे तुटून पडतात, तीही मुख्यतः सकाळी आणि दिवस कलताना. म्हणून पहारा त्याच वेळी कडक. माळ्यावरून सारे शेत दिसे. गोफणीचा गुंडा आणि तिचा फटकारा थवा उठवी. ‘बुजणे’ या क्रियापदाशी नाते सांगणारे बुजगावणे मात्र एका जागी राहिले की पाखरे त्याला काही दिवसांतच सरावतात.

५/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला अपूर्व मागणी आली. १९०५ पर्यंत ‘वणी’ या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा कापसाचा झाला. पुढे सोयाबीन आले. कापसाच्या बोंडाला चिमणी-पोपट शिवत नाहीत. तेथे गोफणीचे काम नाही.

६/ याचा फटका उरलेल्या ज्वारीला बसला. शेकडो एकर ज्वारी एकाच वेळी पिके, तेव्हा पाखरांचा उपद्रव सर्वांत वाटला जाई. आज गावात एकट्यानेच ज्वारी पेरली, तर सारा थवा त्याच्याच कणसांवर उतरतो. राखणीला माणूस परवडत नाही, आणि मुले शाळेत असतात, तेथेच ती असावीत. म्हणून तो शेतकरीही पुढल्या वर्षी ज्वारी सोडतो. त्याबरोबर घरची भाकरी जाते आणि बैलांचा कडबाही.

७/ परसबागेत हीच लढाई लहान रूपात चालते. मिरचीवर पोपट येतात, कारण पक्ष्यांना तिखटपणा जाणवत नाही. तिखट फवारून त्यांना रोखता येणार नाही. चमकती फीत काही दिवस उपयोगी पडते. तिची जागा बदलत राहावी लागते. जाळी सर्वांत खात्रीची, पण ती सैल असेल तर पाखरे आणि साप अडकून मरतात. म्हणून ती मांडवावर ताणून बांधावी आणि रोज पाहावी.

८/ पाखरे संपवणे हा उपाय नव्हे. चीनने १९५८ मध्ये चिमण्यांविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. चिमण्या घटल्या, तेव्हा त्यांनी खाल्ल्या असत्या त्या किडी माजल्या. १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले. तोवर देश भीषण दुष्काळात सापडला होता आणि या मोहिमेने त्यात भरच घातली होती.

९/ जुन्या राखणदाराचा हेतू पाखरू मारण्याचा नसे, ते उठवण्याचा असे. ती राखण साऱ्या शिवाराची मिळून होती. ज्वारी परत यावी असे वाटत असेल, तर शेजारच्या चार शेतकऱ्यांनी एकाच वेळी पेरणी करणे, ही बहुधा सर्वांत स्वस्त गोफण ठरेल.