हुतूतूचे नियम



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ‘गरम पाण्याच्या झऱ्यांवर लिही’ असे सुचवले गेले. पण सवच्या झऱ्यांवर आपल्यातले निदान पाच जण लिहिणार, याची मला खात्री आहे. म्हणून मी खेळावर लिहिते.

भातकापणी झाली की खाचरे मोकळी व्हायची आणि मुलगे हुतूतूला उतरायचे. आमच्या वाडीत समोरचा एक मेला की आपला एक जिवंत व्हायचा. पोलादपूरकडे मामाच्या गावी मात्र मेलेला गडी डाव संपेपर्यंत बांधावर बसून राही. पाहुणे आले की खेळापेक्षा भांडणच जास्त वेळ चाले. या दोन्ही पद्धतींना रीतसर नावे आहेत, हे मला फार उशिरा कळले. आपली ती संजीवनी आणि मामाकडची गामिनी. तिसरी अमर. तिच्यात बाद झालेला बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजले जातात.

हे शोधायला मी बसले ते अमेरिकेत. कंपनीच्या कामासाठी तिकडे असताना सहकाऱ्यांनी कॉलेज फुटबॉलचा सामना दाखवायला नेले. चेंडू पायाने क्वचितच मारतात, तरी नाव फुटबॉल! पण त्याचा इतिहास वाचला आणि मी थक्क झाले. 1892 साली हार्वर्डच्या संघाने येलविरुद्ध पाचरीसारखी रांग करून धावत समोरच्यांना तुडवण्याची युक्ती काढली. नियमात ती बसत होती. दोन वर्षांत ती बंद करावी लागली. तरी 1905 च्या हंगामात खेळताना इतकी मुले दगावली, की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतले. 1906 पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि खेळ थोडा मोकळा झाला. डोक्यावर शिरस्त्राण मात्र सक्तीचे व्हायला 1939 उजाडले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगले कळते. नियम लिहिला की कोणीतरी पळवाट काढतो, मग ती बुजवायला नवा नियम येतो.

गंमत म्हणजे त्याच 1906 साली पुण्यात डेक्कन जिमखाना सुरू झाला. कॉलेजांत क्रिकेट-टेनिसची ऐट होती. आपल्या खेळांना कोणी लिहून काढलेलेच नव्हते. गावागणिक रीत वेगळी असेल तर दोन कॉलेजांनी सामना खेळायचा कसा? 1914 मध्ये जिमखान्याच्या समितीने खो-खोचे नियम ठरवले. हुतूतूचे नियम 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने पुढे आणले. पुढे 1935 मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने आट्यापाट्या, खो-खो आणि हुतूतूचे नियम छापले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. त्याचा चमू 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आला. पुढच्या काळात संजीवनी पद्धत टिकली आणि नाव कबड्डी झाले.

लिहिल्यामुळे काय गेले तेही सांगते. पूर्वी चढाई दम टिकेल तेवढी चालायची. आमच्या वाडीतला एक गडी एका दमात विहिरीपर्यंत जाऊन येई, अशी आख्यायिका होती. आता तीस सेकंदांचे घड्याळ लागते. मामाकडची गामिनी तर कुठल्याच स्पर्धेत दिसत नाही.

पण मला जास्त लागले ते वेगळेच. आपल्या वेळी मुलांना कबड्डी, मुलींना खो-खो आणि लंगडी, अशी वाटणी होती. मी एकदा विचारले होते, “मुलींचा कबड्डीचा संघ का नाही?” “मुलींचा खेळ नाही तो,” असे उत्तर मिळाले. मी मान डोलावली. बायकांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा 1955 मध्येच कलकत्त्याला झाली होती. म्हणजे मी विचारले तेव्हा तिला चाळीस वर्षे होत आली होती! नियमाच्या कुठल्याही पुस्तकात ‘मुलींचा खेळ नाही’ असे कलम नव्हते. मला ते माहीत असते तर मी मान डोलावली नसती. उत्तर देणाऱ्यांवर राग नाही. त्यांनाही कोणी सांगितले नसावे. 2012 मध्ये पाटण्यात भारताच्या मुलींनी महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या मुली होत्या. ती बातमी मी ऑफिसात दोनदा वाचली आणि जेवायला उशिरा गेले.

संमेलनाच्या दिवशी शाळेमागच्या मैदानात मुलींचा एक डाव ठेवावा, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. पद्धत अमर घ्या. एकदा खाली बसले की माझे गुडघे मला उठू देत नाहीत.