बक्षीस-उपचार (व्यसनमुक्ती)

नशा न केल्याचा तपासणीत पुरावा मिळताच रुग्णाला ठरलेले बक्षीस तिथल्या तिथे देण्याची वर्तनोपचार पद्धत. वैद्यकीय नाव ‘कंटिन्जन्सी मॅनेजमेंट’. ज्या कृतीमागून लाभ होतो ती पुन्हा घडते, हा बी. एफ. स्किनर यांचा सिद्धांत तिच्या मुळाशी आहे.

अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठाच्या स्टीफन हिगिन्स यांनी 1991 साली कोकेनच्या रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या पुढच्या चाचण्यांत आठवड्यातून तीनदा लघवी तपासत. पहिल्या स्वच्छ नमुन्याला अडीच डॉलरचे व्हाउचर, नंतरच्या प्रत्येकाला सव्वा डॉलरची वाढ; नशा आढळली की रक्कम पुन्हा अडीचवर. रोकड हाती द्यायची नाही. खर्च आटोक्यात राहावा म्हणून नॅन्सी पेट्री यांनी चिठ्ठ्यांची सोडत आणली. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी असे. ‘नशा सोडायला लाच कशाला?’ हा आक्षेप नेहमीचा, पण फारसा वजनदार नाही. बक्षीस थांबल्यावर परिणाम ओसरतो, ही खरी अडचण.

चेन्नईत अमली पदार्थ सेवन करणाऱ्या 120 एचआयव्हीबाधितांवर व्हाउचरचा प्रयोग झाला (2014). तिथे बक्षीस उपचाराला येण्याबद्दल होते. येणे वाढले, विषाणू आटोक्यात येण्यात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. निमित्त होते ब्राऊन शुगरचे, म्हणजे ‘गर्द’चे. समुपदेशन, समूहजीवन, कुटुंबाचा सहभाग, नंतरचा फॉलोअप असा तिथला ढाचा आहे. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करणे हेही बक्षीसच, पण ते वर्षाने मिळते. बक्षीस-उपचाराचा भर असतो पहिल्या काही आठवड्यांवर.

पुण्यासाठी आज हा उपचार महत्त्वाचा ठरतो तो मेफेड्रोनमुळे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून या ‘एमडी’चा शेकडो किलोंचा साठा पकडला. गर्दच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध आहे. एमडीसारख्या उत्तेजकांवर तसे मान्यताप्राप्त औषध नाही, आणि नेमक्या अशाच पदार्थांवर बक्षीस-उपचाराचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. मात्र अँफेटामाइन तपासणाऱ्या नेहमीच्या पट्टीवर मेफेड्रोन हमखास सापडत नाही. तेव्हा व्यसनमुक्ती केंद्राला बक्षिसांआधी खात्रीच्या चाचणीसाठी पैसे उभे करावे लागतात.