पंधरा वर्षांचा विश्वास

परवा नृसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला निघालो होतो. वाटेत ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला! हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबवली. कागदपत्रं मात्र सगळी चोख.

घरी येऊन कायदा उघडून बसलो. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात टॅक्सीला ठरावीक मुदतीने फिटनेस; खासगी गाडीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची. मग तपासणी आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. मधल्या काळात लागते ती पीयूसी, तीही पहिलं वर्ष माफ. पण पीयूसीवाला धूर बघतो, ब्रेक नाही.

कायद्याने तपासणी माफ केली होती, मी तीच हमी समजत होतो. तब्बल बारा वर्षं! असो. आता दर दिवाळीआधी गाडी मेकॅनिककडे.